एवढी सुई ओवून दे म्हणणाऱ्या मावशींना

मावशी,

परवा रात्री सांगलीहून आईचा फोन आला. "आयर्विन पुलाला पाणी तीस फूट झालंय. मशीन माळ्यावर टाकली, कागदपत्रं मामाकडं पोचवली. तू घाबरू नको." एवढं बोलून तिनं ठेवलासुद्धा. मी इथं पुण्यात फोन हातात धरून रडत बसले. २०१९च्या ऑगस्टमध्ये हीच आई अकरा दिवस कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. हे पत्र मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. आमच्या गावभागात बहुतेकांनी २००५च्या पुराची भिंतीवरची खूण धरून सामान वर चढवलं होतं. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. रस्ते खुले होऊन मी पोचले तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता, फुगून कुजलेल्या ज्वारीचा वास होता आणि आई शाळेतल्या छावणीत भिंतीकडं तोंड करून बसली होती.

छावणीत मदत येत होती, नाही असं नाही. पण एका मंडळींनी आईच्या हातात दिलेला पुडा फोटो नीट आला नाही म्हणून परत घेतला आणि पुन्हा दिला. एका टेबलावरून "यादीत नाव नाही" म्हणून तिला तीनदा माघारी पाठवलं. चौथ्यांदा ती गेलीच नाही. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही. ज्या बाईनं तीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवून घर चालवलं, तिला रांगेत उभं करून असं वागवायचं?

मावशी, तुमचंही घर पडलं होतं. तरी तुम्ही चिखलातनं काढून धुतलेल्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन आलात आणि वर्गातली बाकं सरकवून वाकळ अंथरलीत. आईला सगळे "बोला, मन मोकळं करा" म्हणत होते. तुम्ही तिच्याजवळ बसलात आणि सुई पुढं केलीत. "मला दिसंना झालंय बघ. एवढी ओवून दे."

आईनं दोरा ओठात ओला केला, ओवला, गाठ मारून दिली. जरा वेळानं तुम्ही दुसरी सुई दिलीत, मग तिसरी. चौथ्या सुईला आई म्हणाली, "टाके लांब पडाय लागलेत तुमचे." मी दारात उभी होते, मावशी. तिथंच खाली बसले.

पुढं कळलं की तुम्ही रोज संध्याकाळी चष्म्याशिवाय पोथी वाचता.

देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे आम्ही त्या पंधरवड्यात फार बघितलं. तुम्ही आपला हात खाली धरलात, म्हणून आईचा वर आला. अशी माणसं गल्लीत असतात, तिथं माणूस पुन्हा उभा राहतो.

ती वाकळ काठाकडून आत शिवत गेलात तशा बायका वाढत गेल्या. हात चालू असले की तोंडही चालतं. कुठल्या बोळात पाणी आधी शिरतं, कुणाला वरचा मजला आहे, कुणाची सासू अंथरुणाला खिळलीय, हे सगळं टाके घालता घालता ठरलं. इशारा पातळी ४० फुटांची, पण तुम्ही म्हणालात, तिसालाच मशीन आणि कागद हलवायचे, पस्तिसाला म्हातारी माणसं. २०२१च्या जुलैत करोनामुळं एकत्र बसणं बंद होतं, तरी फोनाफोनी झाली. पाणी पुन्हा ५० फुटांवर गेलं. तुमच्या वाकळेवरची एकही बाई पाण्यात अडकली नाही. आईनं तर शेजारच्या आजींना रिक्षात घालून आधीच बाहेर काढलं होतं.

ती पहिली वाकळ आईच्या खाटेवर आहे. माझ्या आजीच्या हिरव्या लुगड्याचा पदर तिच्या मधोमध आहे आणि त्यावरचा चिखलाचा डाग कितीही धुतला तरी निघत नाही. आई म्हणते, राहू दे.

पाणी उतरलं की मी येतेय. पांढऱ्या जाड दोऱ्याची रिळं घेऊन येते. या खेपेला सुई मी ओवून देईन, आईनं तसं बजावून सांगितलंय.

तुमची,
शिवणवाल्या काकूंची थोरली