नवीन लायसनवाल्यांना ‘डायरेक्ट मोठीच घ्या’ सांगू नका

मा. संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत पहिली दमदार बाइक कुठली घ्यावी यावर जो पानभर लेख छापलाय तो वाचून डोकं फिरलं, माफ करा पण दुसरा शब्द सुचत नाही. ‘छोटी घेतली तर वर्षभरात कंटाळाल, त्यापेक्षा डायरेक्ट मोठीच घ्या, हात आपोआप बसतो.’ हात बसेपर्यंत काय करायचं ते कोण सांगणार? लेखात हॉर्सपावर आहे, टॉप स्पीड आहे, ईएमआयचं कोष्टक आहे. गाडीचं वजन कुठेच नाही, सीटची उंची नाही, एबीएसबद्दल, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेबद्दल, एक ओळ नाही. ज्याने काल-परवा लायसन काढलंय त्याला याच तीन गोष्टी आधी सांगायला हव्यात ना?

मी स्वतः सध्या गाडी शोधतेय म्हणून जास्त लागलं. बोरीहून वेर्णाच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिफ्टला जाते, लोटलीमार्गे. इतकी वर्षं स्कूटरवर होते, गियरचं लायसन यंदा काढलं. ते कसं मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढायचा, पाय टेकला नाही की पास. आठ हॉर्सपावरच्या गाडीवर मिळालेलं ते कार्ड घेऊन दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीवर बसलं तरी आपल्याकडे कायद्याची आडकाठी नाही, 18 पूर्ण आणि गियरचं लायसन, बस्स. इंग्लंडात 19 वर्षांच्या मुलाला 35 किलोवॅटपर्यंतच गाडी चालवता येते, म्हणजे साधारण 47 हॉर्सपावर, मग दोन वर्षांनी परत टेस्ट दिली की मोठी. थेट मोठीचं लायसन पाहिजे तर 24 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आपल्याकडे असलं काही नाही म्हणून तर पेपरात येणाऱ्या सल्ल्याला वजन असतं, पोरं तो कापून ठेवतात, शोरूममध्ये घेऊन जातात.

आता माझ्याबरोबर झालं ते सांगते. मोठ्या भावाला घेऊन एका शोरूममध्ये गेले. नाव लिहीत नाही, नाव लिहिलं तर तुम्ही छापणार नाही. दादा कारवाला माणूस, बाइक त्याने कधी चालवलेलीच नाही, तो फक्त सोबत म्हणून आला होता. तरी सेल्समन सगळं त्यालाच सांगतोय, मायलेज त्याला, सर्व्हिसिंग त्याला, कलर कुठला पाहिजे तेही त्यालाच. मी दोनदा म्हटलं की गाडी मी घेणार आहे. मग माझ्याकडे बघून म्हणतो, ‘बाय, ही तुका जड जातली, स्कुटर घे बरी.’ जड जाईल का हे बघायलाच तर आले होते मी! टेस्ट राइड मागितली तर म्हणे कंपाउंडच्या आत एक राउंड मारा, पाठीमागे आमचा मुलगा बसेल. मेन रोडला का नाही विचारलं तर इन्शुरन्सचा प्रॉब्लेम. मी लायसन दाखवलं, हेल्मेट माझं स्वतःचं होतं, बूट घातलेले होते. आणि मी तिथेच उभी असताना एक कॉलेजचा पोरगा आला, पायात चप्पल, त्याला 400 सीसीची चावी हातात दिली आणि तो फाटकातून सरळ हायवेला लागला. त्याच्या वेळी इन्शुरन्स कुठे गेला?

कंपाउंडमध्ये मारला तो राउंड. त्या एका राउंडमध्येसुद्धा जे कळलं ते तुमच्या अख्ख्या लेखात नाही. साइड स्टँडवरून गाडी सरळ करताना हँडल डावीकडे पूर्ण वळलेलं होतं, खाली खडी, माझा पाय टाचेपर्यंत टेकत नाही, नुसता चवडा. 195 किलोची गाडी थोडी कलली की ते सगळं वजन एका मांडीवर येतं. ते मी धरलं, पण धरताना समजलं की ही उंची मला नको. रॉयल एनफील्डच्या क्लासिक 350 ची सीट 805 मिलीमीटर आहे, हिमालयन 450 ची 825, आणि मिटिअरची 765. कागदावर चार-सहा सेंटिमीटर, पण बोरी पुलाकडे उतरताना ट्रॅफिक अडकलं, पाऊस आहे आणि पाय तांबड्या चिखलात टेकायचाय, तेव्हा त्या चार सेंटिमीटरवर सगळं अवलंबून असतं.

नुसतं वजन बघूनही चालत नाही. केटीएमची 390 ड्यूक ही क्लासिकपेक्षा पंचवीसेक किलोने हलकी, पण ताकद दुपटीहून जास्त, थ्रॉटल जरा जास्त पिळलं की गाडी पुढे आणि माणूस मागे. उलट एनफील्डचीच साडेसहाशे सीसीची इंटरसेप्टर 47 हॉर्सपावरची, म्हणजे इंग्लंडातल्या नियमात ती नवख्यालाही बसते, पण दोनशे किलोच्या वरचं तिचं वजन कुठलाही नियम कमी करत नाही. एबीएसचंही तसंच. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून ते सक्तीचं आहे म्हणून लोक निर्धास्त होतात, पण सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचा ब्रेक घाबरून दाबला तर मागचं चाक लॉक होणारच. हे लिहायला किती जागा लागली असती? चप्पल घातलेल्या मॉडेलचा अर्धा पानभर फोटो थोडा लहान केला असता तर सहज मावलं असतं. हेल्मेट तर आरशाला लटकवलेलं! लहान भावाने तोच फोटो स्टेटसला ठेवलाय, वय 17.

पैशाचंही चुकीचं छापलंय. ‘साडेतीनशे आणि साडेचारशेमध्ये फारसा फरक पडत नाही’ म्हणे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के आहे आणि त्याच्या वर 40 टक्के. आधी 28 टक्के आणि वरच्यांना 3 टक्के सेस होता, तेव्हा कदाचित हे खरं असेल. आता जो फरक पडतो त्यात चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज सगळं येतं आणि वर पैसे उरतात.

मला खरं शिकवलं ते कंपनीतल्या काकांनी. आमच्या लाइनवर सीनियर आहेत, वयाने बाबांएवढे, त्यांच्याकडे जुनी 350 आहे. रविवारी वेर्णा इस्टेटमध्ये रस्ते रिकामे असतात तेव्हा ते गाडी माझ्या हातात देतात आणि स्वतः फुटपाथवर उभे राहतात. स्पीड वाढवूच देत नाहीत. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, हळू चालव, मागचा ब्रेक हलका धरून यू टर्न घे, मान जिकडे जायचं तिकडे वळव, चाकाकडे बघू नको. एकदा मला म्हणाले, ‘गाडी चालताना सगळ्यांनाच हलकी लागते गो, थांबताना कळते ती केवढी आहे ती.’ पावसात वळणावर ब्रेक नाही, वळणाच्या आधीच संपवायचा, हेही त्यांचंच. असा माणूस सगळ्यांना मिळत नाही, म्हणून शोरूमने निदान तीन-चार किलोमीटर रस्त्यावर, चढ-उतारावर गाडी चालवायला दिली पाहिजे, मग गिऱ्हाईक बाई असो की पुरुष. किनाऱ्यावर काळ्या नंबरपाटीच्या मोठ्या गाड्या आल्या-गेल्या टुरिस्टला भाड्याने मिळतात, तिथे कुणी विचारत नाही तुम्हाला जड जाईल का. आणि लाखो रुपये मोजून घेणाऱ्या इथल्या माणसाला कंपाउंडचा राउंड!

जाता जाता, मागच्या पावसात मी बोरी पुलाच्या अलीकडे पाइपलाइनसाठी खणून तसंच टाकलेल्या चरांबद्दल पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही छापलं नाही. ते चर तिथेच आहेत, वर माती लोटलीय तेवढीच, पहिल्या पावसात परत लोणी होणार. मोठ्या गाड्यांना पान देता, तर त्या ज्या रस्त्यावरून जाणार त्यालाही थोडी जागा द्या ही विनंती.

पुढच्या रविवारी याच पानावर वजन, सीटची उंची, एबीएस सिंगल की ड्युअल आणि जीएसटीसकट ऑन-रोड किंमत, एवढं तरी छापा, आणि तो ‘डायरेक्ट मोठीच’वाला सल्ला मागे घ्या. माझ्या यादीत सध्या एनफील्डच्याच हंटर आणि मिटिअर दोनच उरल्यात. त्यातली जी मला कुणीतरी पाठीमागे न बसता मेन रोडला चालवायला देईल ती घेईन, त्यासाठी मडगाव सोडून म्हापशाला जावं लागलं तरी जाईन.

आपली,
एक वाचक, बोरी (फोंडा, गोवा)