मंत्रिमहोदय, लाकूड ओलं नव्हतं

मा. मंत्रिमहोदय,
सादर प्रणाम.

आपल्या व्यापातून दोन मिनिटं काढून हे वाचावं, ही विनंती. आमच्या गावच्या स्मशानातल्या ज्या शेडचा नारळ आपण फोडलात, ती झालेली नाही. जुनी शेड ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानं उचलून खाजणात नेऊन टाकली, खांब तेवढे राहिले. मग आपण आलात, कुदळ मारलीत आणि "पुढच्या पावसाळ्याआधी" म्हणालात. कुठल्या सालच्या, ते आपण सांगितलं नाहीत. कोनशिला मात्र पक्की बसवलीय. तिच्यावर हल्ली डिझेलचा कॅन ठेवतात. उंची बरोबर येते.

गेल्या आठवड्यात वाडीतली एक म्हातारी गेली. सरण रचून झालं आणि सर आली. दोन्ही मुलगे आणि जावई वर पत्रा धरून उभे राहिले. वाऱ्यानं पत्रा फिरला, धाकट्याचा तळहात फाटला. नुसता धूर. डिझेल झालं, कापूर झाला, टायर झाले, कुणीतरी घरातून साखर आणली. पूर्वी निदान रॉकेल असायचं, तेही रेशनवरून गेलं. सगळं आटपेपर्यंत मध्यरात्र झाली. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला: "दुकानदारानं ओली लाकडं दिली."

तो दुकानदार मी. लाकूड आंब्याचं, गेल्या दिवाळीत फोडलेलं, माझ्या पडवीत उभं रचलेलं होतं. आठ मण, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास. पावसाळ्यात मी दोन मण वरती देतो, त्याचे पैसे लावत नाही. पण आता तालुकाभर मी ओलं लाकूड विकणारा झालो.

साहेब, हे दुकान आजोबांचं. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, गोवऱ्या, मांजरपाट, गुलाल. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. किनाऱ्याला जी लागली, त्यांच्यासाठी आजोबांनी होतं नव्हतं ते सामान दिलं. पैसे मागायचे कुणाकडे? वडिलांनी २०२१च्या कोरोनात स्वतः खांदा दिला, कारण घरचे लांब उभे होते. थाळ्या वाजल्या, फुलं उधळली गेली, त्या यादीत आम्ही नव्हतो. असो.

आमच्या दुकानाला रात्री कुलूप लागत नाही. गिऱ्हाईकाला आम्ही "या" म्हणत नाही, जाताना "पुन्हा या" तर नाहीच नाही. घेताना कुणी घासाघीस करत नाही आणि नंतर पुष्कळ जण देतही नाहीत. तेराव्याला दारात जाऊन उधारी कशी मागायची? आजोबांची वही अजून आहे. त्यातली निम्मी माणसं नंतर स्वतःच आमच्या सामानावरून गेली. माझ्या मुलाला मुलगी सांगून येते, दुकान कसलं ते कळलं की पत्रिका जुळत नाही. तो आता पनवेलला नोकरी शोधतोय. चौथी पिढी नाही, हे मी गृहीत धरलंय.

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर अलिबागमध्ये! जिथे बंगलेवाल्यांच्या गाड्या रो-रोनं मांडव्याला उतरतात. त्यांच्या फाटकापर्यंतचा रस्ता एका रात्रीत काळा कुळकुळीत होतो, आमच्या स्मशानाच्या वाटेवर गुडघाभर चिखल. शेडला कुणी बारा लाख मंजूर झाले म्हणतं, कुणी अठरा. खरा आकडा तुमच्या फायलीला ठाऊक. स्मशान बांधायच्या कंत्राटावरचा जीएसटी २०२२ साली १२ टक्क्यांवरून १८ टक्के केलात, एवढं मात्र पेपरात छापून आलं होतं. अंत्यविधीच्या सेवेवर कर नाही, हे आपले उपकार. म्हणजे जळायला कर नाही, जळायच्या जागेला आहे.

रेवस-करंजा पूल अंतुलेसाहेबांच्या काळापासून ऐकतोय. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ला सुरू झालं. इथून मुंबईला हलवलेला पेशंट वडखळला अडकतो आणि कधी कधी तिथूनच माझा फोन वाजतो. धंदा म्हणाल तर तुम्हीच आणून देता, साहेब. पक्ष कुठलाही असो, त्यात खंड नाही. निवडणुकीत मात्र घरटी गाडी येते, म्हाताऱ्यांना उचलून बूथवर नेतात. तीच गाडी पुढे शववाहिका म्हणून मागितली, तर चालक नसतो.

मागणं फार नाही. गणपतीच्या आत वर पत्रे घाला, सिमेंटचं छत कधी करायचं ते करा. एक दिव्याचा खांब द्या. लाकडं ठेवायला कोरडी खोली द्या. आणि तो व्हिडिओ आपल्या कार्यालयातही पोचला असेलच, तर लाकूड कोरडं होतं आणि शेड नव्हती, एवढं एका ओळीत आपल्या सहीनं लिहून द्या. मी ते दुकानात लावीन.

त्या म्हातारीच्या सामानाचे पैसे मी मुलांकडून घेतलेले नाहीत. वहीत आपल्या नावावर मांडलेत. दुकान रात्रीही उघडं असतं, कधीही पाठवून द्या.

आपला,
मतदार यादीत नाव असलेला
एक दुकानदार, अलिबाग तालुका