गाडीत बदल केला आहे, आणि मी तो लपवणार नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वाहन विमा विभाग

सातारा, दि. 8 जुलै

विषय: हातनियंत्रण किट बसवलेल्या मोटारीचं नूतनीकरण अडवणं, 50 टक्के सवलत काढून घेणं आणि खोटी माहिती भरण्याचा सल्ला देणं.

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी माझं सातव्यांदा बोलणं झालं. फोन ठेवला आणि लिहायला बसलो. पॉलिसीची प्रत, आरसी, किटचं मान्यता प्रमाणपत्र, अपंगत्वाचं कार्ड आणि आधीच्या सहा तक्रारींचे क्रमांक सोबत जोडले आहेत. माझी पॉलिसी 21 जुलैला रात्री बारा वाजता संपते.

माझं वय 23. जन्मापासून उजव्या पायात बळ नाही. कराडच्या एका पतसंस्थेत नोकरी करतो, जाऊन-येऊन रोज शंभर किलोमीटर. पहिलं वर्ष एस.टी.ने काढलं. पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवायचा, दांडा धरायचा आणि उजवा पाय हाताने उचलून वर घ्यायचा. तेवढ्यात बेल झालेली असते. म्हणून कर्ज काढून 1197 सीसीची ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि पुण्यात एआरएआयची (वाहनं आणि त्यांचे भाग तपासणारी संस्था) मान्यता असलेलं किट बसवून घेतलं. स्टिअरिंगखाली डाव्या हाताला एक दांडा आहे. पुढे ढकलला की ब्रेक, अंगाकडे ओढला की अ‍ॅक्सिलरेटर. उजव्या हाताने स्टिअरिंगवरची गोल मूठ फिरवतो. आरटीओने गाडी तपासली आणि आरसीवर ‘अडॅप्टेड व्हेइकल’ अशी नोंद केली. माझं लायसन्सही त्याच प्रकारचं आहे.

मागच्या वर्षी हे सगळे कागद घेऊन मी तुमच्या शाखेत गेलो. तिथल्या मॅडमनी आरसी पाहिली, खाली येऊन गाडी पाहिली, दांडा स्वतः ढकलून पाहिला आणि म्हणाल्या, "तुम्हाला आय.एम.टी. 12 लागू होतं." आरसीवर नोंद असलेल्या, अपंग व्यक्तीसाठी बदल केलेल्या गाडीला ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियममध्ये 50 टक्के सूट, हे कलम तुमच्याच पॉलिसीच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. मला ते माहीतही नव्हतं, त्यांनी सांगितलं. ओन डॅमेजचे 7,240 होत होते, त्याचे 3,620 झाले. वीस मिनिटांत काम झालं. ती शाखा आता बंद झाली आहे आणि कुठलाही प्रश्न असला तरी फोनच करा, असा मेसेज तुम्ही पाठवला आहे.

म्हणून फोन केले. सात केले.

यंदाच्या नोटिशीत ओन डॅमेजचे 9,870 रुपये लावले आहेत. आय.एम.टी. 12 चा उल्लेखच नाही. वर्षभरात एकही क्लेम नाही, 20 टक्के नो क्लेम बोनस मिळायला हवा, तरी आकडा जवळपास तिप्पट. तुमच्या वेबसाइटवर नूतनीकरण करायला गेलो, तर ‘वाहनात काही बदल केला आहे का?’ असा प्रश्न येतो. ‘हो’ म्हटलं की ‘ऑनलाइन नूतनीकरण शक्य नाही, ग्राहक सेवा केंद्राशी संपर्क साधा’ अशी पाटी येते. केंद्राशी संपर्क साधला की ते म्हणतात वेबसाइटवर करा. पहिले सहा फोन यातच गेले. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी माझ्या पायाची कथा मी पहिल्यापासून सांगायची.

आजचं बोलणं मात्र शब्दाला शब्द लिहितो. तुमचा कॉल रेकॉर्ड होतो, ताडून पाहा. वेळ दुपारी 1 वाजून 10 मिनिटं.

"सर, तुमची गाडी मॉडिफाइड दाखवतेय. सायलेन्सर बदललाय का? मोठे टायर?"

"नाही. हाताने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर चालवायचं किट आहे."

"म्हणजे रेसिंगचं काही?"

"माझा उजवा पाय काम करत नाही. त्यासाठी आहे."

यावर मला होल्डवर ठेवलं. अकरा मिनिटं गाणं वाजत होतं. मग वरिष्ठ म्हणून एक गृहस्थ आले. त्यांनी जन्मतारीख विचारली आणि म्हणाले, "23 वर्षं, त्यात मॉडिफाइड गाडी. हाय रिस्क आहे सर. आणि सुप्रीम कोर्टाने मॉडिफिकेशनवर बंदी घातलीय, माहितीये ना?"

मी सांगितलं, 2019 चा तो निकाल मला माहीत आहे. कंपनीने बनवलेल्या गाडीचा मूळ साचा मनाने बदलायचा नाही, असं त्यात आहे. पण त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तीसाठी बदल केलेल्या ‘अडॅप्टेड’ वाहनाची व्याख्याच कायद्यात आली. आरटीओने ती नोंद माझ्या आरसीवर केली आहे. आरसी मी तुम्हाला तीनदा मेल केली आहे.

ते म्हणाले, "ते असेल सर, पण सिस्टीम घेत नाही. घरात दुसरं कोणी गाडी चालवत नाही का? वडिलांच्या नावावर करून टाका ना."

माझ्या वडिलांकडे मोटारीचं लायसन्स नाही. आणि गाडी त्यांच्या नावावर केली, तर मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा मला लागू होणार नाही, कारण मालक मी नसेन. रोज महामार्गावर गाडी मी चालवणार आणि विमा घरी बसलेल्या माणसाचा. हे मी त्या गृहस्थांना समजावून सांगितलं. विमा कंपनीच्या वरिष्ठांना हे मी समजावून सांगावं लागलं.

त्यावर ते जे बोलले त्यासाठी हे पत्र आहे. "सर, तुम्ही फार खोलात जाता. त्या पेजवर ‘बदल केला आहे का’ असं विचारतं ना, तिथे ‘नाही’ टाका. पाच मिनिटांत पॉलिसी येईल. कोण बघतंय?"

मी विचारलं, "आणि उद्या अपघात झाला तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू ना सर."

फोन स्पीकरवर होता. आज सुट्टी घेऊन घरी थांबलो होतो. आई भाकरी थापत होती, तिचा हात तिथेच थांबला.

पतसंस्थेत मी कर्जाचे अर्ज तपासतो. अर्जदाराने एक रकाना खोटा भरला की पुढे त्याचं काय होतं, हे मी दर महिन्याला पाहतो. अपघात झाला तर तुमचा सर्वेक्षक येईल, दार उघडून आत बसेल आणि सगळ्यात आधी तो दांडाच त्याच्या गुडघ्याला लागेल. मग फाइल उघडेल, ‘बदल नाही’ हे माझं उत्तर वाचेल आणि माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारेल. तेव्हा ‘कोण बघतंय’ म्हणणारे गृहस्थ कुठे असतील? सही माझी असेल. फसवणूक मी केली असं ठरेल.

खरं सांगणाऱ्याला तुम्ही अकरा मिनिटं होल्डवर ठेवता आणि खोटं सांगायला पाच मिनिटं पुरतात, हे मला अजून पचलेलं नाही.

वयाबद्दलही लिहितो. तुमच्या माहितीपत्रकात ओन डॅमेजचा प्रीमियम गाडीची घोषित किंमत, इंजिनाची क्षमता, गाडीचं वय आणि नोंदणीचा झोन यांवर ठरतो असं लिहिलं आहे. चालकाचं वय त्यात नाही. मग 23 वर्षांचा आहे म्हणून मला हाय रिस्क कोणी ठरवलं? तसा नियम असेल तर लेखी दाखवा. तरुण आणि गाडीत बदल, एवढंच ऐकून तुमच्या माणसांच्या डोळ्यांसमोर रात्री रस्त्यावर आवाज करत जाणारी पोरं येतात. मी गाडीत बदल केला तो ब्रेक लागावा म्हणून.

वडिलांच्या स्कूटरचा विमा वीस वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे आहे. एकदा स्कूटर चोरीला गेली तेव्हा तुम्ही पैसे दिले. ती गोष्ट बाबा अजून पाहुण्यांना सांगतात. माझ्या गाडीच्या वेळी त्यांनीच तुमचं नाव सुचवलं. आज संध्याकाळी त्यांना काय सांगायचं, हे मला कळत नाही.

माझी मागणी अशी: 18 जुलैपर्यंत आय.एम.टी. 12 ची सूट आणि 20 टक्के बोनस धरून दुरुस्त नोटीस पाठवा. पॉलिसीवर हातनियंत्रण किटची नोंद स्पष्ट लिहून द्या. वेबसाइटवर ‘हो’ म्हणणाऱ्याला आरसी जोडता येईल अशी सोय करा. आणि आजच्या 1 वाजून 10 मिनिटांच्या कॉलबद्दल लेखी माफी मागा. फोनवर नको. फोन सात झाले.

विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 खाली पहिल्याच वेळी 2,000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, त्यामुळे 21 तारखेनंतर मी तुमची वाट पाहू शकत नाही. 18 ला नोटीस आली नाही तर 19 ला दुसऱ्या कंपनीकडे जाईन. बोनस माझा आहे, तो माझ्याबरोबर येईल. बाबांच्या स्कूटरची पॉलिसीही हलवेन. ही तक्रार आज रात्रीच विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवतो आहे आणि 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग मागेन. ते पुसलं जाऊ नये, याची जबाबदारी या पत्रापासून तुमची.

मागच्या वर्षी खाली येऊन दांडा ढकलून पाहणाऱ्या त्या मॅडम अजून तुमच्याकडे असतील, तर माझी फाइल त्यांच्याकडे द्या.

आपला पॉलिसीधारक
(सही)

सोबत: वर उल्लेख केलेल्या सर्व कागदांच्या प्रती