हिटलर सात वर्षांचा होता तेव्हा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला छळछावण्यांवरचा लेख वाचला, चांगलाय, पण ही कल्पना हिटलरच्या डोक्यातून निघाली असं जे लिहिलंय ते काही पटलं नाही. अहो, १८९६ च्या ऑक्टोबरात हिटलर सात वर्षांचा होता आणि तिकडे स्पेनच्या ताब्यातल्या, बंड पेटलेल्या क्युबात स्पेनच्या जनरल वेलरनं हुकूम काढला होता की खेड्यातल्या लोकांनी आठ दिवसांत तटबंदीच्या गावांत यायचं, नाही आलात तर बंडखोर समजू. बंडखोरांना दाणापाणी खेड्यातून मिळतं ना, मग खेडीच रिकामी करा, एवढा साधा हिशोब. लाखाच्या वर माणसं उपासमारीनं नि रोगानं गेली.

मग इंग्रजांनी तेच दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत बोअर लोकांवर, म्हणजे तिथं स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांवर केलं. इंग्रज सेनापती किचनरच्या फौजेनं शेतघरं जाळली आणि बायकापोरं तंबूत नेऊन टाकली. एमिली हॉबहाउस ही इंग्रज बाई १९०१ च्या जानेवारीत ब्लूमफाँटेनच्या कॅम्पात गेली तर तिथं रेशनमध्ये साबणच नाही, पाणी घाण, ते उकळावं तर जळण पुरत नाही. वर ज्यांचा नवरा अजून लढतोय त्या घरांना सुरुवातीला रेशनच कमी, मटण नाहीच! गोवर आला आणि पोरं पटापट गेली. मेलेले बोअर सुमारे २८,०००, त्यातली २२,००० च्या आसपास मुलं. काळ्या लोकांचे कॅम्प वेगळेच होते, तिथं किमान १४,००० मेले, पण त्यांची मोजदादही कुणी धड ठेवली नाही, आणि आपल्याही लेखात ते नाहीत.

नाझींच्या गॅस चेंबरशी मी याची बरोबरी करत नाहीये, तिथं मारायलाच नेत होते. पण माणसांना गुन्हा नसताना नुसतं 'ते लोक' म्हणून तारेच्या आत घालायचं, हे आधीचं आहे. जर्मनांनी स्वतःच १९०४ नंतर नामिबियात हेरेरो नि नामा लोकांना असंच शार्क आयलंडवर कोंडलं होतं.

आणि आपला संबंध नाही असंही नाही. बोअर कॅम्पांत मरणाऱ्यांचा आकडा फारच वाढला तेव्हा सरकारनं ते सुधारायला हिंदुस्थानातले अधिकारी बोलावले, कारण प्लेग नि दुष्काळाचे कॅम्प चालवायची सवय त्यांना इथं झाली होती. १८९७ च्या पुण्यात लोकांना घरातून ओढून कुठं नेत होते ते आपण शाळेत शिकलोच की. शिवाय पकडलेले बोअर सैनिक कैदी म्हणून आणले कुठं, तर इतर ठिकाणांबरोबर आमच्या नगरला. म्हणजे नवरा इथं नगरला आणि बायकापोरं तिकडे तंबूत.

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापाल का?

आपला एक वाचक,
नगर