धूर आडवा का पळतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॉकेटच्या छायाचित्राखाली ‘वाऱ्याने धूर एका बाजूला’ असं छापलंय. वारा कसला? उड्डाणतळावर रॉकेटच्या खाली तिरपा डिफ्लेक्टर, म्हणजे झोत बाजूला वळवणारा उतार असतो! चौतीस वर्षं फिटर होतो. कॉम्प्रेसरची एअरगन पत्र्यावर सरळ धरली की धातूचा कीस चहूकडे, थेट चष्म्यावर. तिरपी धरली की पुढे पळतो. पट्टीसारखा चपटा झोत पत्र्याशी ३० अंशांचा कोन करून आदळला, तर घर्षण सोडून केलेल्या हिशेबाने ९३ टक्के हवा पुढे जाते, ७ टक्के मागे वळते. तीच नेमकी बाहीत शिरते! २० एप्रिल २०२३ला टेक्सासात स्पेसएक्स कंपनीचं स्टारशिप रॉकेट अशा उताराविना उडालं. तळाच्या काँक्रीटच्या ढलप्या लांबवर उडाल्या. छायाचित्रओळीची दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त फिटर, चिंचवड