नववी मागणी पहिली करा, आणि आधी फाटक बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आमच्या लोकप्रतिनिधींचा रेल्वे अधिकाऱ्यांना निवेदन देतानाचा फोटो पाहिला. बातमी गाडीत उभ्याने वाचली, मग घरी येऊन पुन्हा वाचली. निवेदनात मागण्या चौदा, आणि ‘दिवा–सीएसएमटी लोकल सुरू करावी’, म्हणजे ठाणे-कल्याणच्या मधल्या आमच्या दिवा स्टेशनातूनच सुटून मुंबईला जाणारी गाडी द्यावी, ही त्यात नववी. तिच्याआधी फलाटाची रंगरंगोटी आहे, स्थानकाबाहेरचे दिवे आहेत, नावाची पाटी मोठी करण्याची मागणीसुद्धा आहे. मला राग आला तो त्या नऊ आकड्याचा.

ते काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही. सरकते जिने आले, फलाटावरच्या छताचे पत्रे वाढले, त्यासाठी त्यांनी खेटे घातले हे आम्ही पाहिलं आहे. त्याबद्दल मनापासून आभार. पण सकाळी साडेसातला दिव्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या बाईला तुम्ही एकच गोष्ट मागायला सांगितलीत तर ती जिना मागणार नाही. ती इथून सुटणारी गाडी मागेल. रोह्याला गाडी दिव्याहून सुटते, वसईला सुटते, सावंतवाडीलाही सुटते. रोज जिथे जायचं त्या मुंबईला मात्र सुटत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. मी घाटकोपरला एका दुकानात कामाला आहे. तीन लेट झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जातो, आणि माझे दोन झाले होते. कल्याणहून आलेली पहिली गाडी सोडली, दुसरी सोडली. तिसरीच्या लेडीज डब्यात एक पाय ठेवला, तर दारातल्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, इथे हात घालायला जागा नाही, मागची पकड.’’ त्यांची चूक नव्हती. त्यांची स्वतःची ओढणी बाहेर उडत होती. मग दिव्याच्या शेकडो बायका करतात तेच मी केलं. समोरच्या फलाटावर जाऊन उलट दिशेची गाडी पकडली आणि डोंबिवलीला गेले, तिथून सुटणारी गाडी मिळावी म्हणून.

डोंबिवलीच्या पुलावर टीसी मॅडमनी पास मागितला. माझा पास दिवा ते घाटकोपर. २५० रुपये दंड आणि वर भाडं. पर्समध्ये १८० रुपये होते, त्यातले शंभर संध्याकाळच्या भाजीचे. बाकीचे माझ्यासारख्याच उलट आलेल्या शेजारच्या ताईंनी घातले. पुलावरून माणसं जात होती, काही वळून बघत होती. सव्वीस वर्षं पास काढून प्रवास करणाऱ्या मला विनातिकीट म्हणून पावती मिळाली. ती पावती मी फेकली नाही, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लावून ठेवली आहे. आणि त्या दिवशी तिसरा लेट झालाच.

टीसी मॅडमनी नियमाने केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आता मी पास डोंबिवलीपासूनचाच काढते. म्हणजे राहते दिव्यात आणि पैसे भरते डोंबिवलीचे. मुंबईकडे जाण्यासाठी रोज आधी मुंबईपासून पाच किलोमीटर लांब जाते. यात माझी रोजची पाऊण तास झोप जाते, आणि डोंबिवलीच्या बायकांना वाटतं दिव्याच्या येऊन आमच्या जागा अडवतात. त्यांचंही खरंच आहे. दोन गावांच्या बायकांत रोज सकाळी जी वादावादी होते, ती एका गाडीने थांबेल.

रेल्वेकडून उत्तर नेहमीचं: मार्गावर जागा नाही, गाडी फिरवायला सोय नाही. १८ फेब्रुवारी २०२२ ला ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, मेल-एक्स्प्रेस बाजूला गेल्या, आता आपली गाडी येणार. ३६ नव्या फेऱ्या जाहीर झाल्या, त्याही बहुतेक एसी. एसीचा पास आम्हाला परवडत नाही. जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या त्या डिसेंबर २०१६ मध्ये, आणि त्यासाठी आधी २ जानेवारी २०१५ चा, दिव्याला चिडलेल्या प्रवाशांनी गाड्या अडवून दगडफेक केली तो दिवस बघावा लागला. मी त्या दिवशी फलाटावर होते. दगड मारणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्याआधी कितीतरी वर्षं लोकांनी कागदावर मागितलं होतं, हेही तितकंच खरं आहे. आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून पडली. चौघं त्याच दिवशी गेले. त्या वळणावर आता डब्यातल्या सगळ्या बायका आपोआप गप्प होतात. दार बंद होणाऱ्या गाड्या येणार म्हणतात. पण दार बंद झाल्यावर आत न मावलेल्यांनी काय करायचं?

आता मुद्द्याचं. लोकप्रतिनिधींच्या चौदा मागण्यांत, रस्ता जिथे रूळ ओलांडतो त्या रेल्वे फाटकाचा उल्लेखच नाही. दिव्याचं फाटक उघडं असेपर्यंत सिग्नल पडत नाही, ही साधी यंत्रणा आहे. रिक्षा, टँकर, शाळेच्या गाड्या एकदा अडकल्या की गेटमन दांडा खाली आणू शकत नाही, आणि बाहेर लोकल भोंगे देत उभी राहते. मागच्या गाड्यांना उशीर, त्यामागच्यांना आणखी. या वेळापत्रकात नवी गाडी कुठे बसवणार, असं रेल्वेने विचारलं तर आपल्याकडे उत्तर काय? फाटक कायमचं बंद करायचं तर वरून उड्डाणपूल हवा, आणि त्याचं काम किती वर्षं चाललंय, हे दिव्यातल्या मुलांनाही पाठ आहे. रुळांवरचा भाग रेल्वेचा, पण दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेचे. पूर्वेला जागेचा आणि घरांचा प्रश्न आहे. तिथल्या कुटुंबांना नीट पर्यायी घरं देऊन तो सोडवायचा, तर त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. हे काम इथलं आहे, आमदार-खासदार-नगरसेवकांच्या हातातलं आहे. ते आधी पूर्ण करा आणि मग रेल्वेसमोर एकच मागणी घेऊन बसा. बाकीच्या तेरा आम्ही सोडायला तयार आहोत.

जाता जाता आणखी एक. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरला जायची, करोनानंतर ती दिव्यालाच संपू लागली. माझं माहेर चिपळूणजवळ. गणपतीहून परतणारी म्हातारी माणसं, हातात पिशव्या, तांदळाची गोणी, दिव्याला उतरून पूल चढतात आणि भरलेल्या लोकलमध्ये शिरायचा प्रयत्न करतात. म्हणजे आमच्या फलाटावर गर्दी वाढवणारी गाडी आली, गर्दी नेणारी आली नाही. निवेदनात यावरही एक ओळ असायला हवी होती.

आपल्याला एक विनंती. फोटो छापलात, तसं पूर्वेकडच्या पोहोचरस्त्याचं काम नेमकं कुठे आणि कोणामुळे अडलंय, हे आपल्या वार्ताहराने फाटकावर उभं राहून लिहावं. सकाळी सात ते आठ या वेळेत यावं. मी रोज तिथूनच फलाटाकडे जाते.

आपली,
एक पासधारक प्रवासी,
दिवा (पूर्व)