आधी मायक्रोमीटर माग

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत भांडणावर येतं, म्हणून लिहितेय. सलग वाच आणि मग चीड.

पुण्यात कॉट बेसिसवर राहून तू दिवसभर अर्ज भरतोस, हे मला दिसतं. सगळीकडे 'फ्रेशर हवा' आणि खाली 'एक-दोन वर्षांचा अनुभव' असं लिहिलेलं असतं, हा तुझा राग खरा आहे. पण इथे नाशिकला अंबडमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये माणसं कशी घेतात ते मी क्वालिटीच्या टेबलावरून बघत आलेय, ते तरी ऐक.

गेल्या महिन्यात लाइन इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मुलं आली होती. साहेबांनी मला प्रॅक्टिकल घ्यायला सांगितलं. टेबलावर टर्निंग करून आलेला एक शाफ्ट, त्याचं ड्रॉइंग आणि माप घ्यायचा व्हर्नियर ठेवला. ड्रॉइंगवर व्यास २५ एच-सात, म्हणजे २५ मिलिमीटरच्या वर शून्य आणि खाली २१ मायक्रॉन (०.०२१ मिमी) एवढाच फरक चालतो. पहिला मुलगा बी.ई., डिस्टिंक्शन, इंग्रजी फाडफाड. त्याने तेलकट शाफ्ट तसाच पकडला, व्हर्नियरचा झिरो न बघता रीडिंग घेतलं आणि 'ओके' म्हणाला. दोन-तीन जणांनी थोड्याफार फरकाने तेच केलं. मग एक डिप्लोमावाली आली. तिने आधी कापडाने शाफ्ट पुसला, कडेवरून बोट फिरवून बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कोर, बघितली, ड्रॉइंग वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, याचा लीस्ट काउंट ०.०२ मिमी आहे, त्याहून बारीक फरक यात दिसत नाही. यावर हे ठरणार नाही, मायक्रोमीटर द्या." साहेबांनी पुढचं काही विचारलंच नाही. तिने सातपूरला वर्षभर अप्रेंटिसशिप केली होती.

कॉलेजात तू हे सगळं शिकलायस, एच-सात म्हणजे काय ते तुला माझ्याहून चांगलं सांगता येईल. पण हाताला सवय लागलेली नाही, आणि ती रिझ्युममध्ये 'हार्डवर्किंग, टीम प्लेअर' लिहून येत नाही. (ती ओळ आधी काढ. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कागदावर ती असते. त्याऐवजी फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये जॉब पकडून ठेवायचं ते फिक्श्चर कशासाठी केलं आणि ते कुठे अडलं, ते लिही.) आणि "कुठलंही काम करीन" असं मुलाखतीत म्हणू नकोस. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की तुला काय येतं ते तुलाच माहीत नाही.

अप्रेंटिसशिप म्हटलं की तुझं तोंड वाकडं होतं. "इंजिनिअर होऊन स्टायपेंडवर?" अरे, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली केंद्र सरकारची नॅट्स ही अप्रेंटिसशिपची योजना आहे, ती पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठीच आहे. वर्षभर काम आणि शेवटी सरकारी सर्टिफिकेट. पैसे कमी, हे कबूल. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९००० रुपये ठरले होते, कंपनी जास्त देऊ शकते. वर्षानंतर तिथेच घेतील असं कायदा म्हणत नाही, हेही डोक्यात ठेव. पण एक गोष्ट तुम्हा मुलांना कोणी सांगत नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झाला की ही वाट बंद होते. म्हणजे आधी कुठेतरी कॉन्ट्रॅक्टवर चिकटलास आणि दीड वर्षाने शहाणपण सुचलं, तर उपयोग नाही.

आता ती चाकणची ऑफर, 'दोन लाख चाळीस हजार' म्हणून तू उड्या मारत होतास ती. मी हिशेब केला. महिना वीस हजार सीटीसी, म्हणजे कंपनीला तुझ्यावर पडणारा एकूण खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) आधीच धरलेला असतो. बेसिक १२००० धरलं तर ग्रॉस, म्हणजे कापण्याआधीचा पगार, अठरा हजारांच्या आसपास. त्यातून तुझा पीएफ १४४०, ईएसआयसी ०.७५ टक्के, प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. हातात सोळा हजार दोनशेच्या आसपास. कॉट, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च काढून काय उरतं ते तूच मांड. पीएफ कापतात म्हणून कुरकुरू नकोस, ते पैसे तुझेच आहेत. पण बाँड आहे का, असल्यास किती वर्षांचा, मूळ मार्कशीट ठेवून घेतात का, हे विचार. मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत. आणि नोकरीसाठी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवायचा.

नाशिकलाच ये असं मी म्हणत नाहीये. बाबांना तसं वाटतं, ते वेगळं. त्यांना तू पाथर्डी फाट्यापलीकडे गेलास तरी लांब वाटतोस. चाकणमध्ये काम मशीनवर किंवा इन्स्पेक्शनला असेल तर खुशाल जा, सोळा हजारांतही जा. पण दिवसभर एक्सेलमध्ये दुसऱ्यांनी घेतलेली रीडिंग्ज भरायची असतील, तर त्यापेक्षा इथलं स्टायपेंड बरं. मुलाखतीत एवढंच विचार, "पहिले सहा महिने मी कुठे उभा असेन?" उत्तर गोलगोल आलं तर समजून घे.

नॅट्सच्या पोर्टलवर नाव तरी नोंदवून ठेव, त्याला पैसे पडत नाहीत. आणि ऑफर लेटरवर सही करायच्या आधी सगळी पानं मला व्हॉट्सॲपवर टाक, फक्त पहिलं नको. या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट आहे, साडेअकरानंतर बघेन.

तुझी,
आई